ओरिगामीचा मराठी लेख: भाषांतराआधी फोटो घेऊ

मराठी विकिपीडियासाठी ओरिगामीवरचा, म्हणजे कागदाला घड्या घालून वस्तू करण्याच्या कलेवरचा, इंग्रजी लेख भाषांतरित करावा, अशी सूचना आली आहे. माझं मत थोडं वेगळं आहे. भाषांतर हवंच, पण सुरुवात आपल्याकडच्या घड्यांपासून करू. होडी, शिडाची होडी, कॅमेरा, बाण हे पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात आलेत, त्यांवर कुणा रचनाकाराचा हक्क नाही. त्यामुळे स्वतः काढलेले फोटो आणि आकृत्या कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर) बिनधास्त चढवता येतील. आधुनिक रचनांचं तसं नाही. पुस्तकातली पानं स्कॅन करून तर मुळीच टाकू नका, ती उडवली जातातच.

फोटो काढताना एका बाजूने रंगीत, दुसऱ्या बाजूने पांढरा कागद घ्या, म्हणजे कुठली बाजू वर आली ते कळतं. आकृतीत आत वळणारी घडी तुटक रेषेने, बाहेर वळणारी रेघ-टिंब रेषेने दाखवायची. जपानी ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा यांची ही चिन्हं जगभर चालतात.

इतिहासात टी. सुंदरराव हवेतच! कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं त्यांचं पुस्तक १८९३ साली मद्रासला निघालं. शाळेतल्या शिक्षकांना हा भाग फार उपयोगी पडेल. आणि पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी मुलांसाठी कागदाची इतकी खेळणी केली, त्याचाही संदर्भासह उल्लेख यावा.

होडीचा विभाग मी लिहायला घेते. कोथरूड-कर्वेनगरकडचं कुणी फोटोंना येईल का? रविवारी सकाळी उजेड चांगला असतो.