बाबांना पंधरा दिवसांत पुन्हा न्यूमोनिया, आता औषधही बदललं. आधीचं चुकलं होतं का?

सावली
बाबा ७४ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू अजून कमजोर आहे. मागच्या महिन्यात न्यूमोनिया झाला, पण ताप नव्हताच. एका संध्याकाळी त्यांनी मला "तू कोण गं?" असं विचारलं आणि श्वास भरभर चालला होता, एवढंच. आठवडाभर अ‍ॅडमिट होते. घरी येऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच पुन्हा तेच. या वेळी तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक बदललं. माझ्या मुलाला शाळेत असताना न्यूमोनिया झाला होता, तो घरीच गोळ्यांवर बरा झाला. मग बाबांचंच असं का? एक्स-रेत डाग तसाच दिसतोय. रात्रभर त्यांच्या छातीची घरघर ऐकत बसते.

पहाटपाळी
अठरा वर्षं छातीच्या वॉर्डात आणि आयसीयूत सिस्टर आहे, त्या अनुभवावरून लिहिते. बाबांचे डॉक्टर सांगतील ते अंतिम.

फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या पू-पाण्याने भरल्या की त्याला न्यूमोनिया म्हणतात. त्या कशामुळे भरल्या यावर सगळे उपचार ठरतात. न्यूमोकोकस हा जंतू असेल तर पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध बहुधा चालतं. शाळकरी मुलांत मायकोप्लाझ्मा बराच दिसतो. त्या जंतूला पेशीभित्तिकाच, म्हणजे पेशीभोवतीची भिंतच, नसते आणि पेनिसिलिन नेमकं तिच्यावर घाव घालतं, म्हणून तिथे ते निरुपयोगी. विषाणू असेल तर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही. अ‍ॅडमिट झाल्यावर ४८ तासांनंतर सुरू झालेला न्यूमोनिया रुग्णालयातला धरतात. तिथले क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारखे जंतू पुष्कळ औषधांना दाद देत नाहीत. बाबा नुकतेच अ‍ॅडमिट होते, शिरेतून अँटिबायोटिक घेतलेलं, म्हणून डॉक्टरांना हीही शक्यता धरावी लागते.

थुंकीच्या कल्चरला, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखायला, दोन-तीन दिवस लागतात. म्हाताऱ्या माणसांना खोकून बेडका काढताच येत नाही, आम्ही डबी धरून उभ्या राहतो आणि हाती येते नुसती लाळ. रिपोर्टसाठी थांबायला वेळ नसतो, अंदाजाने औषध सुरू करावंच लागतं. तिसऱ्या दिवशी बदललं म्हणजे आधीचं चुकलंच, असं नाही.

आता मला सांग, पाणी पिताना ठसका लागतो का? जेवल्यावर आवाज ओला, घोगरा येतो का?

सावली
हो, दोन्ही. आणि मी त्यांना उशीवर मान टेकवूनच पाणी पाजायचे, उठवायला त्रास नको म्हणून. वाचून हात गार पडले.

ओसरी
सावली, स्वतःला दोष देऊ नकोस. सासूबाईंचं हेच झालं होतं आणि मीही तसंच पाजायचे. झटक्यानंतर गिळण्याचे स्नायू मंदावतात, घास-पाणी-लाळ श्वासनलिकेत उतरते. काहींना तर ठसकासुद्धा लागत नाही, गुपचूप उतरतं. स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घे. आम्हाला सांगितलं होतं : पाठ ताठ, हनुवटी खाली, छोटा चमचा, आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नाही, जेवल्यावर निदान अर्धा तास बसवून ठेवायचं. आणि तोंड स्वच्छ ठेव, कवळी रात्री काढ. तोंडातले जंतूच लाळेबरोबर खाली जातात. पाणी घट्ट करून देणं मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नकोस. सासूबाईंना ते नकोसं व्हायचं, पिणंच कमी झालं होतं.

पहाटपाळी
ओसरीताईंशी पूर्ण सहमत. डागाचं म्हणशील तर एक्स-रे मागे रेंगाळतो, या वयात सहा ते बारा आठवडेही लागतात. श्वासाची गती, ऑक्सिजन आणि भान सुधारतंय का ते बघ. तेवढ्या आठवड्यांनीही डाग गेला नाही तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतील. बरे झाल्यावर न्यूमोकोकसच्या आणि फ्लूच्या लशीबद्दल नक्की विचार.

सावली
आज सिस्टरांनी पलंग उभा केला, बाबांची हनुवटी खाली धरून मी चमच्याने पाणी दिलं. तीन चमचे, ठसका नाही. मग त्यांना "आ" म्हणायला लावलं, आवाज कोरडा होता. थेरपिस्ट उद्या अकराला येणार आहेत. कवळीचं आत्ताच सिस्टरांना सांगते, ती रात्रीसुद्धा तोंडातच असते.