कागदी चार्टची बॅग गेली, आता ऐन अप्रोचला टॅबलेटच बंद पडला तर?

कच्चापायलट:
नमस्कार मंडळी. मी सध्या ट्रेनिंगला आहे, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडवायचं शिक्षण) चालू आहे, पुढे एअरलाइनमध्येच जायचंय. गेल्या आठवड्यात एक प्रकार झाला तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय म्हणून इथे विचारतोय. छोटं विमान, टॅबलेट मांडीवर पट्ट्याने बांधलेला, वरून रणरणतं ऊन, अप्रोचचा, म्हणजे रनवेकडे उतरत जायच्या मार्गाचा, चार्ट उघडून ठेवलेला. मी अल्टिमीटर (उंचीमापक) बघायला मान वर केली आणि परत खाली बघतो तर चार्ट गायब, काळी स्क्रीन आणि त्यावर सूचना की यंत्र तापलंय, थंड होईपर्यंत थांबा. पुढची उंची मला पाठ नव्हती. हातपाय गार पडले अक्षरशः. इन्स्ट्रक्टर काही बोलले नाहीत, त्यांच्या क्लिपबोर्डला लावलेला घडीचा कागद माझ्यासमोर धरला आणि आम्ही नीट उतरलो.

तर प्रश्न असे की मोठ्या विमानांत आता कागद जवळपास गेलेच आहेत, मग तिथे हे झालं तर काय करतात? दोन्ही पायलटचे टॅबलेट एकदम गेले तर? आणि आमचे इन्स्ट्रक्टर अजूनही कागदी चार्ट वाचायला लावतात, बॅचमधले म्हणतात की जे कुणी वापरतच नाही ते कशाला शिकायचं. तुम्ही लोक प्रत्यक्ष उडवता, तुमचं काय मत?

उजवीसीट:
एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर आहे, कागद मी फक्त ट्रेनिंगमध्ये पाहिला, तेव्हा माझं उत्तर टॅबलेटवाल्या पिढीचं समज.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, विमान टॅबलेटवर उडत नाही. रूट, वेपॉइंट, अप्रोचचा मार्ग हे सगळं विमानाच्या स्वतःच्या फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टिममध्ये असतं आणि समोरच्या नेव्हिगेशन डिस्प्लेवर दिसतं. टॅबलेट ही वाचायची वस्तू आहे, म्हणजे चार्ट, मॅन्युअल आणि टेकऑफ-लँडिंगचे हिशोब. आपलं विमान चार्टवर दाखवणारं ते छोटं चिन्ह येतं ना, त्यावरून नेव्हिगेट करायचं नसतं. त्यामुळे स्क्रीन गेली म्हणून आपण हवेत हरवलो असं होत नाही.

दुसरं म्हणजे टॅबलेट दोन असतात, प्रत्येकाचा स्वतंत्र, खिडकीजवळ माउंटवर बसवलेला आणि बहुतेक ठिकाणी चार्जिंगची सोय असलेला. ड्यूटीला येताना बॅटरी किती हवी याचा नियम असतो, चार्ट आधीच डाउनलोड केलेले असतात, इंटरनेट लागत नाही. एक गेला तर दुसऱ्याच्यावर बघून काम चालतं. आणि दोन्ही गेलेच तर कंट्रोलरला सांगायचं, तो रडार व्हेक्टर देतो, म्हणजे रडारवर बघून कुठल्या दिशेला वळायचं ते सांगतो, अप्रोच डेटाबेसमध्ये असतोच, मिनिमा (रनवे दिसल्याशिवाय ज्याच्या खाली जायचं नाही ती उंची) आणि मिस्ड अप्रोच (उतरता आलं नाही तर परत वर जायची पद्धत) रेडिओवर वाचून मागता येतात. फार धावपळ होईल हे खरं, पण मार्ग आहे.

तापण्याचं म्हणशील तर आयपॅडची कंपनीने दिलेली मर्यादाच ० ते ३५ अंश सेल्सियस आहे. एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये एसी असतो, तुझ्या छोट्या विमानात काचेखाली मांडीवर ठेवलास तर तो आकडा सहज ओलांडला जाणार. उलट दुसऱ्या टोकाची चाचणी मात्र झालेली आहे, २०११ मध्ये केबिनचा दाब एकदम जाण्याची नक्कल करून आयपॅड ५१,००० फुटांच्या दाबापर्यंत तपासला होता आणि तो चालू राहिला.

जुनाबाइंडर:
रिटायर्ड कॅप्टन आहे. कागदावर बावीस वर्षं आणि शेवटची काही टॅबलेटवर, त्यामुळे दोन्हीबद्दल मनापासून लिहू शकतो.

आमच्या काळात दर दोन आठवड्यांनी पाकीट यायचं. आत बायबलच्या पानांसारखी पातळ पानं, सोबत यादी की हे पान काढा, ते घाला. सात कड्यांचे बाइंडर, कडी उघडायची, जुनं पान काढायचं, नवं घालायचं, परत मिटवायचं, असं कधी पन्नास पानं, कधी दोनशे. सुट्टीची अख्खी दुपार त्यात जायची. आणि ती पंधरा-सोळा किलोची बॅग उचलून सीटच्या बाजूच्या फटीत ठेवायची, तेही अंगाला पीळ देऊन, त्यात कित्येकांच्या पाठी आणि खांदे गेले.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. एका रात्री उतरायच्या जागी धुकं पडलं आणि आम्ही ऑल्टरनेटला, म्हणजे पर्यायी विमानतळाला, निघालो. मी बाइंडर उघडला, १०-९ म्हणजे विमानतळाचा नकाशा जागेवर होता, आणि पुढचं पान थेट १३-१. मधलं ११-१, म्हणजे आयएलएसचं (रेडिओ संकेतांवरून रनवेपर्यंत उतरायच्या पद्धतीचं) पान, नाहीच. मागेपुढे चाळलं, दिव्याखाली धरलं, नाही. को-पायलटच्या बाइंडरमध्ये ते होतं म्हणून त्याच्या पानावरून ब्रीफिंग केलं. घरी येऊन बघितलं तर ते पान मीच दोन रिव्हिजन आधी भलत्याच विमानतळाच्या मागे घातलेलं. हे मी इतक्या बारकाईने सांगतोय कारण लोक म्हणतात कागद कधी बंद पडत नाही. बाळा, कागद बंद पडत नाही पण कागद हरवतो, चुकीच्या जागी लागतो, जुना राहतो, आणि तो जुना आहे हे तुम्हाला कळतही नाही. टॅबलेट काळा पडला की निदान कळतं तरी.

तुझ्या बॅचला एक सांग. ज्यांच्या नावाचे चार्ट आपण वापरतो ते एल्रे जेपसेन हे टपाल नेणारे पायलट होते, १९३० च्या दशकात. नकाशे नव्हतेच, सोबतचे पायलट डोंगरांवर आदळून मरत होते. म्हणून ते एका छोट्या काळ्या वहीत डोंगरांची आणि धुराड्यांची उंची, शेतांची लांबी, हवामान विचारायला शेतकऱ्यांचे फोन नंबर असं टिपून ठेवायचे. दुसऱ्या पायलटनी मागितली तेव्हा त्या वहीच्या प्रती १९३४ पासून १० डॉलरला विकायला लागले. पानावर काय कुठे लिहायचं याची शिस्त तिथून आली आहे. ती शिस्त शिकण्यासाठी कागद आजही सगळ्यात चांगला, कारण अख्खं पान एका नजरेत येतं. टॅबलेटवर पोरं बोटांनी झूम करतात आणि मग खालच्या कोपऱ्यातला मिनिमाचा तक्ता, त्याखालची बारीक टीप स्क्रीनच्या बाहेर जाते. जे दिसत नाही ते विचारात येत नाही. टॅबलेटबद्दल माझी खरी काळजी ही आहे, बॅटरीची नाही.

अठ्ठावीसदिवस:
मी पायलट नाही, एका ऑपरेटरकडे टॅबलेटची व्यवस्था बघतो, म्हणजे कुठल्या यंत्रावर काय टाकायचं, कधी अपडेट करायचं ते. कॅप्टन सरांची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

जगभरचा चार्टचा डेटा २८ दिवसांच्या चक्राने बदलतो आणि नवं चक्र नेहमी गुरुवारी लागू होतं. आता पुढचं चक्र आधीच उतरवून ठेवतात आणि ठरल्या वेळी ते चालू होतं, म्हणजे सरांची ती अख्खी दुपार आता काही मिनिटांवर आली. सरांनी सांगितली तशी चुकीच्या जागी लागलेल्या पानाची भानगड यात जवळजवळ संपते, आणि बॅगचं वजन हा यातला छोटा फायदा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, जरी बातम्या सगळ्या वजनाच्याच आल्या. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ च्या जूनमध्ये सगळ्या ताफ्यातल्या बॅगा काढल्या तेव्हा वर्षाला ४ लाख गॅलन इंधन आणि १२ लाख डॉलर वाचतील असं सांगितलं होतं. चांगलंच आहे. पण प्रत्येक पायलटकडे एकच आणि ताजं पान असणं हे त्याहून मोठं.

मात्र दोन टॅबलेट आहेत म्हणजे दोन वेगळे आधार आहेत असं 'उजवीसीट' म्हणतात तिथे मी थांबतो. बॅटरीसाठी ते वेगळे आहेत. सॉफ्टवेअरसाठी नाहीत. त्याच अमेरिकन एअरलाइन्सची एप्रिल २०१५ ची गोष्ट घ्या, वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाचा एक चार्ट डेटाबेसमध्ये दोनदा आला होता, ॲपला ते झेपलं नाही आणि कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर दोघांच्या स्क्रीनवर ते एकदमच बंद पडायला लागलं. बोइंग ७३७ ची डझनावारी उड्डाणं उशिरा गेली, काही विमानं वायफाय मिळवायला गेटवर परत आली, ॲप काढून पुन्हा टाकायला लागलं. कॅप्टन सरांचं पान हरवलं तेव्हा को-पायलटचं वाचलं कारण ते दुसऱ्या माणसाने दुसऱ्या घरी बसून लावलं होतं. दोन टॅबलेटमध्ये एकच फाइल असेल तर ती जी चूक आहे ती दोन्हीकडे आहे.

म्हणून आम्ही ऑपरेटिंग सिस्टिमचं ऑटो-अपडेट बंद ठेवतो, नवं व्हर्जन आधी जमिनीवर वापरून बघतो, मग थोड्या यंत्रांवर, मग सगळ्यांवर. पायलट लोक कधी कधी चिडतात की स्टोअरवर नवं आलंय तरी तुम्ही देत नाही, पण त्यामागे हे कारण आहे.

उजवीसीट:
पटलं. दोन यंत्रं म्हणजे दोन आधार हे मी सरसकट लिहायला नको होतं, दुरुस्त करून घ्या.

वजनकाटा:
मी परफॉर्मन्स, म्हणजे वजन आणि रनवेवरून वेगाचे हिशोब, शिकवतो. चार्टवर सगळे बोलताय पण टॅबलेटचं जास्त धोक्याचं काम म्हणजे टेकऑफचा हिशोब, त्यावर कुणीच बोललं नाही म्हणून जरा लांबण लावतो.

१४ ऑक्टोबर २००४, कॅनडातलं हॅलिफॅक्स, एमके एअरलाइन्सचं मालवाहू ७४७. क्रूकडे बोइंगचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर होतं. तपासात निष्कर्ष निघाला की हिशोबात बहुधा आधीच्या, अमेरिकेतल्या ब्रॅडली विमानतळावरच्या उड्डाणाचं वजन, २,४०,००० किलो, राहून गेलं होतं. खरं वजन होतं साधारण ३,५३,००० किलो. म्हणजे थ्रस्ट (इंजिनचा जोर) कमी, वेग कमी, रनवे संपला तरी विमान नीट उचललं गेलं नाही, शेपूट रनवेच्या पुढच्या मातीच्या बांधाला आदळली. सातही जण गेले. २० मार्च २००९ ला मेलबर्नला एमिरेट्सच्या ए३४० मध्ये ३६२.९ टनांच्या जागी २६२.९ टाकलं गेलं, एकच आकडा, शेपूट घासत कसंबसं वर गेलं, सुदैवाने कुणी दगावलं नाही.

आता यावरून टॅबलेट वाईट असा अर्थ काढू नका. १२ मार्च २००३ ला ऑकलंडला सिंगापूर एअरलाइन्सच्या ७४७ मध्ये हीच, शंभर टनांची चूक हाताने कार्डावर लिहिताना झाली होती, ३४७ च्या जागी २४७. चूक माणसाची तीच आहे. फरक असा की कागदी तक्त्यातून वेग काढताना बोट रकान्यावरून सरकत जायचं, शेजारचे आकडे दिसायचे, आणि रोज उडवणाऱ्याला आतून वाटायचं की एवढ्या जड विमानाला हा वेग कमी आहे. स्क्रीनवर चौकटीत एकच उत्तर येतं आणि ते इतकं स्वच्छ दिसतं की त्यावर शंका घ्यायची सवय सुटते. म्हणून दोघांनी आपापल्या टॅबलेटवर वेगवेगळा हिशोब करायचा आणि मग उत्तरं जुळवायची असं असतं. एकाने करून दुसऱ्याला आकडे वाचून दाखवायचे नाहीत. पोरांना घाई असते, पुशबॅकची, म्हणजे विमान गेटवरून मागे ढकलायची, वेळ झालेली असते, तेव्हाच हे मोडतं. माझ्या वर्गात मी आधी अंदाज लिहून घेतो, वजन इतकं, रनवे इतका, मग रोटेशनचा, म्हणजे नाक उचलायचा, वेग किती येईल, आणि मगच टॅबलेट उघडू देतो.

पंखावर:
हेलिकॉप्टरवाला आहे, थोडक्यात लिहितो. टॅबलेट सुटा ठेवू नका. २०२२ च्या जुलैमध्ये आयडाहोत आग विझवणाऱ्या चिनुक हेलिकॉप्टरमध्ये आयपॅड खाली पडून डाव्या पेडलपाशी अडकला, नियंत्रण गेलं, दोन्ही पायलट मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेच्या तपासात हे आलंय. मांडीवर बांधताना पट्टा ओढून बघ, रोज.

कच्चापायलट:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. चिनुकचं वाचून सुन्न झालो, पट्ट्याकडे मी कधीच लक्ष दिलं नव्हतं. जुनाबाइंडर सर, एक शेवटचं विचारतो. उद्या सकाळी पुन्हा फ्लाइट आहे, तोच अप्रोच. टॅबलेटच घेऊन जाणार आहे, पण त्या दिवसासारखं व्हायला नको. नेमकं काय करू?

जुनाबाइंडर:
ब्रीफिंग करताना झूम करू नकोस. पूर्ण पान स्क्रीनवर, वरून खाली, टिपांसकट. पानावरची तारीख वाच, मोठ्याने. मग एका कागदावर हाताने पाच गोष्टी लिही, फ्रिक्वेन्सी, फायनल कोर्स (रनवेकडे जायची शेवटची दिशा), फायनल अप्रोच फिक्सची (शेवटचा टप्पा सुरू होतो त्या बिंदूची) उंची, मिनिमा, आणि मिस्ड अप्रोचला आधी किती उंचीवर कुठल्या दिशेला. मोठ्या अक्षरात. तो कागद क्लिपला लाव आणि मग टॅबलेट गेला तरी उतरायला किंवा वर जायला तुला पुरेल तेवढं समोर आहे. इन्स्ट्रक्टरनी त्या दिवशी जो कागद धरला ना, त्यावर बहुधा हेच असणार, उद्या त्यांना विचार दाखवता का म्हणून.

अठ्ठावीसदिवस:
आणि टॅबलेटचं जाड कव्हर काढून ने, उष्णता आत कोंडते. निघेपर्यंत सावलीत ठेव, उन्हात असताना चार्जिंगला लावू नकोस आणि ब्राइटनेस लागेल तेवढाच.

कच्चापायलट:
कव्हर आत्ताच काढलं. उद्या उतरल्यावर लिहितो इथे.