आधी शब्द पाठ करायचे की थेट वाचायला बसायचं?

अर्धविराम: "शब्द पाठ करू नका, वाचत-ऐकत राहा, आपोआप येतील." परकी भाषा शिकणाऱ्याला हल्ली हाच सल्ला मिळतो. नवशिक्यासाठी तो साफ चुकीचा आहे असं माझं मत. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ साली इंग्रजीचा हिशोब मांडला होता. कुणाच्या मदतीशिवाय कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायचं, तर मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं लागतात (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब). ज्याला जेमतेम पाचशे येतात त्याने वाचायचं काय? दर ओळीला शब्दकोश उघडणं म्हणजे वाचन नव्हे. सर्वाधिक वापरातले २००० शब्द आधी घोका, मग पुस्तक उघडा.

उलटतपासणी: पहिले २००० ठीक. पण पुढे? तिथून प्रत्येक हजारामागे पदरात पडणारी भर झपाट्याने घटत जाते. शिवाय पाठांतराच्या कार्डावर (एका बाजूला शब्द, मागे अर्थ) अर्थ असतो, शब्दाची संगत नसते. तो कोणत्या क्रियापदाबरोबर येतो, कुणासमोर वापरायचा, कुठे उद्धट वाटेल, हे कार्ड सांगत नाही. यादीतून शब्द उचललेला माणूस पोस्टमनशी न्यायाधीशासारखा बोलतो.

पाठांतरवाली: नुसती कार्डं करा असं कुणी म्हटलंय? स्मरणशक्तीवर प्रयोग करणाऱ्या एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलं की उजळणी नसेल तर पाठ केलेलं भराभर विसरतं. कमी वापराचा शब्द एका कादंबरीत एकदाच भेटतो, पुन्हा कधी भेटेल देव जाणे. लाइटनरने १९७२ साली मांडलेल्या, कार्डांच्या कप्पेवाल्या खोक्यात तो कधी परत येणार हे आपण ठरवतो. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की पुन्हा पहिल्या. आजची ॲप्स हेच काम जरा जास्त हुशारीने करतात, एवढंच.

उलटतपासणी: एबिंगहाउसने पाठ केली होती ती निरर्थक अक्षरं! अर्थ नसलेलं लवकर विसरतं, हेच तर मी म्हणतोय.

पाठांतरवाली: मग कार्डावर सुटा शब्द लिहू नका, अख्खं वाक्य लिहा. झालं.

रात्रपाळी: चार दिवस ॲप उघडलं नाही की साचलेल्या उजळण्यांचा आकडा बघूनच भाषा सोडावीशी वाटते, त्यावर बोला कुणीतरी.

काठावरचा: कोणती भाषा हे न सांगता भांडण चाललंय. इंग्रजी येणाऱ्याला फ्रेंचमधले ढीगभर शब्द फुकटात मिळतात, तिथे वाचनाने भागेल. जपानीत तशी सोय नाही, वर २१३६ जोयो कांजी (नेहमीच्या वापरासाठी ठरवलेली चिनी मूळची लिपिचिन्हं) आहेतच. जर्मन नाम त्याच्या लिंगासकट पाठ केलं नाही, तर पुढे प्रत्येक विभक्तीला अडखळायला होतं. तिथे घोकंपट्टी चुकत नाही.

उलटतपासणी: जपानीतसुद्धा नवशिक्यांसाठी मुद्दाम सोपी लिहिलेली, पायऱ्यापायऱ्यांची पुस्तकं मिळतात. तिथून सुरुवात करावी. शब्द त्यातच परत परत येतात, वेगळं काही पाठ करावं लागत नाही.

अर्धविराम: ती पुस्तकं लिहितात कशी, माहितेय? वापराच्या क्रमाने केलेली शब्दांची यादी समोर ठेवून, शक्यतो तिच्याबाहेर न जाता. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली छापलेली सुमारे २००० शब्दांची इंग्रजी यादी अशा पुस्तकांसाठी वर्षानुवर्षं वापरली गेली. म्हणजे यादी तुम्हालाही चुकलेली नाही.

उलटतपासणी: ती लेखकाने समोर ठेवली ना, मग मी कशाला घोकू?