मदत हवी आहे: चंद्राच्या ओढीने उपग्रहाची कक्षा कलते, मग ती परत का येत नाही?

नमस्कार. जुळे सोलापुरातील आमच्या गच्चीवर केबलच्या धंद्याच्या काळातील आठ फुटी जाळीची डिश अजून उभी असून तिच्यावर मी हौसेखातर एका जुन्या भूस्थिर (जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या) उपग्रहाचा सिग्नल घेतो. तीन-चार वर्षांत तो हळूहळू बिघडत गेला आणि आता दिवसातून दोनदा, जेमतेम तीन-तीन तास मिळतो. मेकॅनिकने एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल टिपणारा भाग) बदलून दिला. पैसे गेले, फरक काही पडला नाही. शेवटी सिग्नल येण्याची वेळ वहीत लिहू लागलो. परवा ७.४६, काल ७.४२, आज ७.३८. सिग्नल नसताना डिशचा मागचा बोल्ट सैल करून तोंड दोन-तीन अंश वर किंवा खाली केले की तो परत येतो.

इंधन वाचवण्यासाठी जुन्या उपग्रहांची उत्तर-दक्षिण दुरुस्ती थांबवतात आणि मग चंद्र-सूर्याच्या ओढीने त्यांची कक्षा वर्षाला सरासरी ०.८५ अंश कलते, एवढे वाचून कळले. परंतु चंद्र पंधरवडाभर विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि पंधरवडाभर दक्षिणेला असतो, तर आधीचा कल नंतर पुसला का जात नाही?

प्रतिसाद:
एलएनबी निर्दोष होता. कक्षा कलल्यामुळे उपग्रह रोज उत्तर-दक्षिण डोलतो आणि दिवसातून दोनदाच तुमच्या डिशच्या रोखात येतो. कललेली कक्षा ताऱ्यांच्या संदर्भात जवळपास स्थिर राहते आणि उपग्रहाची फेरी २३ तास ५६ मिनिटांची असते. २४ तासांपेक्षा कमी असलेली ही चार मिनिटेच तुमच्या वहीत रोज दिसतात.

आता मूळ शंका. महत्त्व ओढीला नसून तिच्यातील फरकाला आहे. चंद्र उत्तरेला असताना कक्षेची त्याच्याकडील बाजू पृथ्वीच्या केंद्रापेक्षा जास्त ओढली जाते, पलीकडील बाजू कमी. म्हणजे केंद्राच्या तुलनेत पलीकडील बाजू दक्षिणेकडे ढकलल्यासारखी होते. पंधरवड्याने चंद्र दक्षिणेला जातो खरा, पण तोवर तो पृथ्वीच्या दुसऱ्या अंगालाही पोहोचलेला असतो, त्यामुळे आधी पलीकडे असलेली बाजू आता त्याच्या जवळ येते आणि पुन्हा दक्षिणेकडेच ओढली जाते. दोन बाजूंच्या अशा विरुद्ध ओढीने कक्षेला पीळ बसतो; चंद्र विषुववृत्त ओलांडताना हा पीळ शून्य होतो, उलटा होत नाही. सूर्याचेही जून आणि डिसेंबरात तसेच, फक्त त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी. कक्षा मात्र फिरत्या भोवऱ्यासारखी पिळाच्या दिशेने न झुकता आडवी कलते, म्हणून हा कल सुमारे १५ अंशांपर्यंत वाढून मगच उतरू लागतो. पूर्ण चक्राला साधारण ५३ वर्षे लागतात.

डिशला उभ्या दिशेचा ॲक्च्युएटर (डिश वर-खाली हलवणारी मोटर) लावावा आणि त्याचे वेळापत्रक रोज चार मिनिटे अलीकडे घ्यावे.