‘मार्कर’साठी दर्शक, सूचक की निदर्शक? संदर्भ : मुलांचे मनोविकार आणि प्रतिकारयंत्रणा

प्रश्न

पालकांसाठी असलेल्या एका माहितीपत्रकाचे मराठीकरण करत आहे. मुलांच्या मनोविकारांत रक्तामध्ये प्रतिकारयंत्रणेचे कोणते ‘मार्कर’, म्हणजे तिची हालचाल दाखवणारे मोजता येणारे पदार्थ, वाढलेले दिसतात, हा त्याचा विषय आहे. सीआरपी, इंटरल्यूकिन-६, एएसओ टायटर ही नावे तशीच ठेवली आहेत; पण या सर्वांना मिळून काय म्हणावे, हे ठरत नाही. खूण, चिन्हक, सूचक, दर्शक, निदर्शक असे पर्याय समोर आहेत. त्याचबरोबर ‘इन्फ्लमेशन’ला दाह म्हणावे की शोथ, आणि ‘ओसीडी’साठी (नको असलेले विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याचा विकार) मंत्रचळ हा शब्द पालकांना रुचेल का, याविषयीही जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर

माझे मत ‘दर्शक’ या शब्दाकडे झुकते. शाळेच्या विज्ञानात लिटमसला आणि हळदीला आपण दर्शकच म्हणत आलो आहोत, त्यामुळे तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ‘सूचक’ वाईट नाही, परंतु सभेच्या इतिवृत्तात तो अनुमोदकाच्या शेजारी बसलेला असतो आणि एरवी सूचक हसणे, सूचक मौन अशा प्रयोगांत त्याला आडून काही सांगितल्याची छटा येते. रक्ताच्या अहवालात ती छटा नको. ‘चिन्हक’ घडवलेला वाटतो. ‘निदर्शक’ चालण्यासारखा आहे, मात्र निदर्शने आणि निदर्शनास येणे या दोन्हींच्या गर्दीत तो सापडतो.

तथापि, शब्दाच्या निवडीपेक्षा त्याच्या मागे येणारी षष्ठी अधिक महत्त्वाची आहे. दर्शक म्हटले की ‘कशाचा?’ हा प्रश्न मराठी वाचक विचारणारच, आणि आपल्या विषयात गफलत होते ती नेमकी त्या उत्तरात. ‘मनोविकाराचे दर्शक’ असे लिहिले की मूल आजारी आहे की नाही हे रक्तावरून कळते, असा अर्थ निघतो. ‘मनोविकारांत वाढलेले आढळणारे दाहाचे दर्शक’ असे लिहिले तर वाक्य लांबते, पण खरे राहते.

सीआरपीचेच पाहा. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात हे प्रथिन आढळले; न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या शर्करायुक्त घटकाशी त्याची प्रतिक्रिया होत असे, म्हणून त्याला ते नाव पडले. यकृत ते मुख्यतः इंटरल्यूकिन-६ या प्रतिकारयंत्रणेच्या संदेशवाहक प्रथिनाच्या इशाऱ्यावर तयार करते. साधा जंतुसंसर्ग झाला तरी ते काही तासांत वाढते आणि संसर्ग ओसरला की काही दिवसांत खाली येते. मुलाचे वजन फार असेल तरीही ते थोडे चढलेले असू शकते. असे प्रथिन ‘नैराश्याचा दर्शक’ कसे होईल? ते दाहाचा दर्शक आहे, एवढेच म्हणता येते.

इंटरल्यूकिन-६ची गोष्ट थोडी पुढची आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास चालू आहे. त्यावर आधारित गोलाम खांडकर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नवव्या वर्षी ज्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ सर्वांत जास्त होते त्या एक तृतीयांश मुलांना, सर्वांत कमी असलेल्या एक तृतीयांश मुलांच्या तुलनेत, अठराव्या वर्षी नैराश्य आढळण्याची शक्यता सुमारे दीडपट होती. येथे ‘जोखमीचा दर्शक’ हा प्रयोग शोभतो, कारण वाढ आधी दिसली आणि आजार नंतर. परंतु ही जोखीम गटाची असते. अमुक एका मुलाचा आकडा पाहून त्याचे भविष्य सांगता येत नाही, आणि माहितीपत्रकात हे वाक्य ठळक टाइपात असावे असे मला वाटते.

पुरवणी उत्तर

वरील षष्ठीच्या मुद्द्याला एएसओ टायटरचे उदाहरण जोडतो, कारण पालकांच्या हातात बहुधा हाच कागद असतो. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग झाल्यावर शरीर त्याच्या एका विषद्रव्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार करते; एएसओ टायटर म्हणजे त्यांचेच मोजमाप. त्यांचे प्रमाण सुमारे आठवड्याने वाढू लागते, तीन ते पाच आठवड्यांत शिखर गाठते आणि मग काही महिने रेंगाळते. अँटी-डीएनेझ बी ही याच जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांची दुसरी तपासणी त्याहून उशिरा, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, शिखरावर असते. म्हणजे एएसओ हा होऊन गेलेल्या संसर्गाचा दर्शक आहे. शाळकरी वयात घसा वारंवार धरतो, त्यामुळे ठणठणीत मुलांमध्येही हा आकडा वाढलेला सापडतो. एकाच तपासणीवरून फारसे काही सिद्ध होत नाही, काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांतील चढ अधिक बोलका असतो.

मनोविकाराशी त्याचा संबंध जोडला गेला तो सिडनहॅम कोरिया या आजाराच्या वाटेने. याच जंतूच्या संसर्गामागोमाग येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापानंतर काही मुलांचे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलू लागतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांत मंत्रचळाची लक्षणेही दिसतात. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या सूझन स्वीडो यांनी १९९८ मध्ये ५० मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या मुलांत अशा संसर्गाच्या मागोमाग मंत्रचळ किंवा आचके (टिक्स, म्हणजे आपोआप होणाऱ्या झटकेदार हालचाली) एकाएकी सुरू होत किंवा बळावत. या लक्षणसमूहाला ‘पांडाज’ म्हणतात. जंतूविरुद्धची प्रतिपिंडे मेंदूच्या आतल्या भागातील, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या पेशीसमूहांवर (बेसल गँग्लिया) चुकून हल्ला करतात, ही त्यामागील कल्पना. तिच्यावर आजही वाद आहेत. निदान मात्र लक्षणांवर, ती किती अचानक आली यावर आणि संसर्गाशी जुळणाऱ्या कालक्रमावर होते. त्यामुळे ‘एएसओ पॉझिटिव्ह म्हणजे पांडाज’ असा अर्थ निघेल असे एकही वाक्य पत्रकात राहू देऊ नये.

प्रश्नकर्त्याचा उपप्रश्न

षष्ठीचा मुद्दा पटला. मग ‘आजाराचा दर्शक’ असे निःशंकपणे म्हणता येईल, असे एकही उदाहरण या क्षेत्रात नाही का? शिवाय दाह आणि मंत्रचळ यांचे काय?

उत्तर

एक उदाहरण आहे. जोसेप दालमाउ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एनएमडीए ग्राहकांविरुद्धच्या (मेंदूच्या पेशींवरील संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांविरुद्धच्या) प्रतिपिंडांमुळे होणारा मेंदूचा दाह वर्णिला. कालपर्यंत नीट असलेले मूल अचानक चिडते, झोपत नाही, असंबद्ध बोलते किंवा बोलणेच थांबवते. पुढे झटके येतात, तोंडाच्या विचित्र हालचाली होतात. पहिल्या काही दिवसांत हा शुद्ध मनोविकार वाटू शकतो. पाठीतून काढलेल्या पाण्यात ही प्रतिपिंडे सापडली, तर निदान पक्के होते आणि प्रतिकारयंत्रणेला आवर घालणारे उपचार सुरू करता येतात. येथे ‘निदानकारक दर्शक’ असे खुशाल लिहावे, आणि हे विशेषण सीआरपी, इंटरल्यूकिन किंवा एएसओ यांना चुकूनही लावू नये.

दाह आणि शोथ यांपैकी वैद्यकीय मजकुरात दोन्ही रूढ आहेत. शोथ म्हटले की सूज डोळ्यांसमोर येते, दाह म्हटले की जळजळ. रक्तातील मंद प्रक्रियेत यांपैकी काहीच दिसत नाही. पालकांना दाह अधिक परिचित असल्याने तो घ्यावा आणि प्रथम येईल तेथे ‘शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची सुरू राहिलेली मंद प्रतिक्रिया’ असे स्पष्ट करावे.

मंत्रचळ हा शब्द अस्सल आहे, वारंवार हात धुणाऱ्या मुलाचे चित्र त्याने लगेच उभे राहते. अडचण ‘चळ’ या पदाची आहे. चळ लागणे, म्हातारचळ या प्रयोगांत टिंगल आहे, आणि ‘मंत्रचळ्या’ हे तर चिडवण्याचेच नाव. म्हणून आजाराचे नाव म्हणून पहिल्यांदा ‘ओसीडी, म्हणजेच मंत्रचळ’ असे लिहून पुढे सर्वत्र ओसीडी ठेवावे, आणि मुलाला उद्देशून हा शब्द कोठेही वापरू नये.

शीर्षकासाठी माझी सूचना अशी : ‘मुलांच्या मनोविकारांत आढळणारे प्रतिकारयंत्रणेचे दर्शक’. यात ‘मनोविकारांत’ची सप्तमी आणि ‘प्रतिकारयंत्रणेचे’ची षष्ठी या दोन्ही आपापल्या जागी आहेत, मांडणी करणाऱ्याने जागा वाचवण्यासाठी त्याचे ‘मनोविकार दर्शक’ करू नये, एवढे त्याला आधीच लिहून द्यावे.