उपकरप्राप्त चाळ: मंडळाची वाट बघायची की बिल्डर धरायचा?

खोली नं. १७

नमस्कार. प्रश्न छोटा आहे, पण मागचं थोडं सांगावं लागेल.

आमची चाळ गिरगावात, तळमजला अधिक तीन, १९४० च्या आधीची. म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर, म्हणजे सेस, भरणारी), 'अ' वर्ग. तेवीस खोल्या. माझी खोली १८० चौ. फूट, भाडं सेस धरून महिना ९६ रुपये. (हसू नका, पावती आहे.) दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला टेकू लागल्याला हा तिसरा पावसाळा. त्यातला एक बरोबर माझ्या दारासमोर. पहिलं वर्षभर रोज खांदा आपटायचा, आता अंधारातसुद्धा पाय आपोआप डावीकडे वळतात. यंदा पाडव्याला गुढी त्यालाच बांधली. हे असते तर ओरडले असते.

मालकाचा मुलगा म्हणतो, एवढ्या भाड्यात मी काय करू? त्याचंही अगदीच चूक नाही. गेल्या महिन्यात एक बिल्डर पेढ्यांचा बॉक्स घेऊन येऊन गेला. ४०५ चौ. फूट देतो म्हणाला. तिसऱ्या मजल्यावरची तरुण मंडळी तेव्हापासून हवेतच आहेत. इकडे पेपरात वाचावं तर पालिकेची ओढाताण, म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाची ओढाताण. मग १९६९ पासून आपण भरतो तो सेस जातो कुठे? आणि मंडळ कधीतरी बांधून देईल म्हणून थांबण्यात अर्थ आहे का?

जमाखर्च

काकू, नोकरीत असताना हिशेबाचं कामच केलं, म्हणून आधी सेसचं सांगतो. तो कुठे जात नाही, मुळात तो जमतोच किती ते बघा. सेस करपात्र मूल्यावर, करपात्र मूल्य भाड्यावर, आणि भाडं १ सप्टेंबर १९४० च्या प्रमाण भाड्याला बांधलेलं. सिमेंट, सळई, मजुरी यांना ती तारीख माहीत नाही. तुमच्या तेवीस खोल्यांचं भाडं सारखंच धरलं तर चाळीचं वर्षाचं सगळं उत्पन्न २६,४९६ रुपये. सेस त्यातला एक तुकडा. एवढ्यात एका मजल्याची गॅलरीही धड होणार नाही. पालिका तो मालमत्ता करासोबत गोळा करून पुढे देते, सरकार, म्हाडा आणि स्वतः पालिका थोडीथोडी भर घालतात. कायदा झाला तेव्हा अशा इमारती १९,६४२ होत्या, अजूनही १३ हजारांवर उभ्या आहेत. म्हणून दुरुस्तीला खर्चाची मर्यादा. त्यावरचा पैसा तुम्ही घालायचा, नाहीतर टेकू.

आता पालिका. २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा, मुदत ठेवी ८० हजार कोटींच्या घरात. ऐकायला कुबेर. पण त्या ठेवींतला मोठा भाग कर्मचाऱ्यांची देणी आणि हाती घेतलेल्या प्रकल्पांना बांधलेला. जकात १ जुलै २०१७ ला गेली, तेव्हापासून राज्याकडून भरपाई येते. ५०० चौ. फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ. त्यात बेस्टला हजार कोटी द्यायचे. मग हक्काचं काय उरलं? विकास नियोजन खात्याचं उत्पन्न: प्रीमियम (जादा बांधकामाच्या परवानगीचे पैसे), फंजिबल एफएसआय (एफएसआय म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण, फंजिबल म्हणजे पैसे भरून मिळणारी त्यावरची वाढ), विकास शुल्क. म्हणजे टॉवर चढला की पालिकेच्या गल्ल्यात पैसा पडतो. २०२१ मध्ये राज्याने वर्षभर प्रीमियम निम्म्यावर आणला तेव्हा प्रस्तावांची जी रांग लागली ती आठवा.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. दुरुस्तीतून कुणालाच काही सुटत नाही, नव्या एफएसआयतून सगळ्यांना सुटतं. त्यामुळे ज्या प्लॉटवर विकायचे फ्लॅट बसतात तोच पुढे सरकतो. वरळीच्या बीडीडी चाळींत १६० चौ. फुटांच्या खोलीवाल्यांना ५०० चौ. फूट मिळाले, ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या. म्हाडाने ते करून दाखवलं याचा आनंदच आहे. पण जमीन सरकारी, तीही एकरांनी, आणि विक्रीच्या इमारतींना वरळीचा भाव. तुमची गल्ली किती फुटांची आहे? तिथे अग्निशमनचा बंब वळतो का? बिल्डर आधी ते बघतो, पेढे नंतर आणतो.

सॅक्रामेंटोची मावशी

खरं तर गोरेगावची, पण भाच्याकडे सहा महिने राहून आले म्हणून हे नाव. कॅलिफोर्नियात शहरांच्या रिडेव्हलपमेंट एजन्सी होत्या, ४०० च्या आसपास. एखादा भाग मोडकळीला आलेला जाहीर करायचा आणि तिथून पुढे जो मालमत्ता कर वाढेल तो बहुतेक एजन्सीने ठेवायचा. २०११ मध्ये राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी हा पैसा शाळांना आणि स्थानिक सेवांना हवा म्हणून एजन्सीच बंद करायचा कायदा आणला. प्रकरण कोर्टात गेलं, कोर्टाने कायदा उचलून धरला, १ फेब्रुवारी २०१२ ला सगळ्यांना कुलूप. वाढीव करातला २० टक्के हिस्सा परवडणाऱ्या घरांना राखलेला असे, तोही आटला. भाच्याचं ऑफिस आहे त्या रस्त्यावरची एक जागा तेव्हापासून कुंपण घालून पडलीय असं तो सांगतो. आपल्याकडे मंडळाला असं कुलूप लागलं तर?

जमाखर्च

मावशी, आपल्याकडे कुलूप लागत नाही, काम दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. प्लेगनंतर १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, हिंदू कॉलनी ही त्याचीच कामं. १९३३ ला ट्रस्ट पालिकेत विलीन. त्याने बांधलेल्या बीआयटी चाळी पालिकेच्या पदरात आल्या, त्यांतल्या काही अजून पुनर्विकासाची वाट बघतायत. शिवाय तिकडे एजन्सी कर खात होती, इकडे पालिकाच पुनर्विकासावर जेवते. उपाशी राहायला कोण तयार होईल?

लालबाग ते नालासोपारा

ताई, मी आकडे सांगत नाही, आमचं सांगतो. २००८ ला चाळ रिकामी केली. बिल्डर म्हणाला अडीच वर्षं. (नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही.) भाडं अठरा महिने आलं, मग चेक परत यायला लागले, मग माणूसच दिसेना. चाळ होती तिथे पायाचा खड्डा आहे. जूनमध्ये भरतो, गणपतीपर्यंत बेडूक ओरडतात. आमचे दादा दरवर्षी मुद्दाम लोकलने जाऊन बघून यायचे. आता ते नाहीत, मी जात नाही.

म्हणून चार गोष्टी पक्क्या धरा. प्रत्येक खोलीचा वेगळा, नोंदणी केलेला करार. त्यात चौ. फूट कार्पेट लिहिलेले, तोंडी 'देतो' नको. दोन वर्षांचं भाडं आधी जमा. झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्यांच्या योजनांना हे बंधनकारक केलं, तुमच्या योजनेला तो नियम लागू नसला तरी अट म्हणून घालाच. आणि आयओडी (बांधकामाची पहिली मंजुरी) हातात आल्याशिवाय चावी नाही. ५१ टक्के संमती लागते म्हणजे तेवीसात बारा खोल्या. बिल्डर बारा जण गाठतो, उरलेल्या अकरांना कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

मंडळाकडून मालकाला म्हाडा कायद्याच्या कलम ७९-अ ची (धोकादायक चाळीचा पुनर्विकास करा अशी) नोटीस निघाली तर मालकाला सहा महिने, त्याने काही केलं नाही तर तुमच्या सोसायटीला सहा महिने, त्यानंतर म्हाडा ताब्यात घेऊ शकते. कागदावर उत्तम. पण ९०० हून जास्त इमारतींना काढलेल्या नोटिसांवर जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ताशेरे ओढलेत, तेव्हा घाईने हुरळू नका.

खोली नं. १७

सगळ्यांचे आभार. जमाखर्च, गल्ली मोजली. बंब वळत नाही, पाण्याचा टँकरसुद्धा उलटा आणावा लागतो. बाजूच्या दोन चाळींना सोबत घेतलं तर रुंद रस्त्याचं तोंड मिळतं, पण त्यातल्या एका चाळीचे दोन मालक पंधरा वर्षं कोर्टात आहेत.

लालबागवाले भाऊ, तुमचं वाचून रविवारची बैठक बदलली. बिल्डरला बोलावलं होतं, त्याला नको सांगितलं. आधी आपले कागद. पावत्यांचा डबा काढला तर १९७४ पासूनच्या सगळ्या निघाल्या, पण शेवटपर्यंत सासऱ्यांच्याच नावाच्या. ते जाऊन वीस वर्षं झाली, हे जाऊन सहा. विचारलं तर अशा आणखी सात खोल्या निघाल्या. नऊ नंबरच्या पावत्या तर माळ्यावर वाळवीने खाल्ल्यात. त्यांना नव्या मिळवायला मालकाचीच सही लागते का, की दुसरी काही वाट आहे?