मुलगा गाडी चांगली चालवतो, पण फोन वाजला की नजर खाली जाते

कासारवडवलीची आई

मुलगा वीस वर्षांचा आहे. मार्चमध्ये त्याचं पक्कं लायसन्स आलं. आठवड्यातून चार दिवस आमची जुनी वॅगनआर घेऊन ऐरोलीला इंटर्नशिपला जातो. क्लच, गिअर, गर्दीत लेन बदलणं, सगळं नीट जमतं त्याला. मी स्वतः २०११ पासून गाडी चालवते, त्यामुळे त्याच्या हाताबद्दल मला शंका नाही.

गेल्या रविवारी आम्ही दोघं बहिणीकडे नेरुळला निघालो होतो. ठाणे-बेलापूर रोडवर रबाळे मागे पडलं आणि होल्डरमधला फोन वाजला. त्याने डाव्या अंगठ्याने काहीतरी दोन अक्षरं लिहिली. पुढच्या टेम्पोचे मागचे लाल दिवे लागलेले मला दिसले, त्याला नाही. मी ओरडले. त्याने कचकन ब्रेक दाबला, मागच्या सीटवरचा डबा खाली पडला आणि बहिणीसाठी नेलेलं अळूचं फदफदं गाडीभर झालं. टेम्पो आणि आमच्यात हातभर जागा उरली होती.

त्यानंतर भीती वाटली ती त्याचा चेहरा बघून. तो घाबरलाच नव्हता. "आई, मला दिसत होतं, कंट्रोलमध्ये होतं." तो खोटं बोलत नव्हता. आपल्याला फोन आणि रस्ता दोन्ही दिसतं असं त्याला मनापासून वाटतं.

२०२० साली हा दहावीत होता. शाळा फोनवर, क्लास फोनवर, मित्रही फोनवर. फोन त्याच्या हातात आम्हीच दिला, दुसरा इलाज नव्हता. आता तोच खाली ठेव म्हणून कसं सांगू? मिस्टर म्हणतात, चावी काढून घे. मग तो मित्राच्या बाइकवर मागे बसून घोडबंदर रोडने जाईल, दोन्ही बाजूंना कंटेनर. ते मला आणखी नको आहे. ओरडून झालं, अपघाताचे व्हिडिओ दाखवून झाले. त्याला स्वतःला पटेल असं काही करून दाखवता येतं का?

दिवा_ते_महापे

गाडीत ब्लूटूथ बसवून घ्या. मी फोनला हातही लावत नाही, सगळे कॉल स्पीकरवर. प्रश्न मिटला.

नेरुळचा ट्रेनिंगवाला

ताई, मी नवी मुंबईत बावीस वर्षं गाडी शिकवतोय. तुमच्या मुलासारखी मुलं रोज माझ्या शेजारी बसतात.

आधी वरच्या भाऊंना सांगतो. हात मोकळे झाले म्हणून डोकं मोकळं होत नाही. कॉलवर भांडण सुरू असताना माणूस बघतो समोर, पण त्याला समोरचं दिसत नाही. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशन या रस्ता सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये गाड्यांमधल्या आवाजाने चालणाऱ्या यंत्रणा तपासल्या होत्या. त्यातल्या काहींमध्ये तोंडी हुकूम देऊन झाल्यावरही चालकाचं लक्ष पुरतं रस्त्यावर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. २७ सेकंद, भाऊ. ताशी चाळीसने गाडी तेवढ्यात तीनशे मीटर जाते. ब्लूटूथने प्रश्न मिटत नाही, तो फक्त दिसेनासा होतो.

आता मुलाचं. पूर्वी शिकायला येणारा माणूस गाडीला घाबरायचा. स्टिअरिंग घट्ट धरून बसायचा, त्याला आधी सैल करावं लागायचं. आताची मुलं पहिल्या दिवसापासून सैल असतात. न बघता टाइप करायची सवय असते, त्यामुळे यात फक्त अंगठा गुंतलाय असं त्यांना वाटतं. नजर किती वेळ खाली होती ते त्यांना कळतच नाही. विचारलं तर म्हणतात, एक सेकंद. मी शेजारी मोजत असतो, तीन झालेले असतात. साठच्या वेगाने सेकंदाला साडेसोळा मीटर होतात, म्हणजे तीन सेकंदांत पन्नास मीटर. तुमच्या चौदा वॅगनआर एकामागे एक उभ्या केल्या तर होईल एवढं अंतर तो डोळे मिटून गेला. पाम बीच रोडवर याची मला फार काळजी वाटते. रस्ता रुंद, सरळ, सिग्नल लांब लांब, आणि मुलांना वाटतं इथे काही होत नाही.

हे आकडे सांगून मुलं ऐकत नाहीत, हा माझा अनुभव आहे. म्हणून मी असं करतो. गाडी मी चालवतो आणि मुलाला शेजारी बसवतो. फोन काढ आणि तुझ्या ग्रुपवर खरोखर काहीतरी बोल, असं सांगतो. खोटं खोटं लिहायचं नाही, ज्यात जीव अडकेल असं पाहिजे. दोन-तीन मिनिटांनी फोन ठेवायला लावतो आणि विचारतो: आपल्या मागे आत्ता कुठली गाडी आहे? डावीकडून काय गेलं? पुढच्याने ब्रेक दाबला होता का? उत्तर आलं नाही तर मी काहीही बोलत नाही. गाडी वळवून त्याच रस्त्याने परत येतो, फोन बंद, प्रश्न तेच. फरक त्याचा त्यालाच कळतो.

दुसरं, पुढचे दहा दिवस तो चालवताना त्याला तोंडाने बोलायला लावा. "एनएमएमटीची बस थांबतेय, तिच्या पुढून माणूस येईल. रिक्षाचं चाक वळलंय, ती आत घुसेल." दिसतंय ते मोठ्याने म्हणायचं. सुरुवातीला लाजतात. पण एकदा डोळ्यांना शोधायची सवय लागली की गाडीत त्यांना कंटाळा येत नाही, आणि फोनकडे निम्म्या वेळा हात जातो तो कंटाळ्यानेच.

घणसोलीहून

मी तेवीस वर्षांची, त्या दादाच्याच बाजूने लिहितेय. काकू, रागावू नका.

फोन वाजला की पोटात काहीतरी होतं, ते तुमच्या पिढीला समजत नाही. मेसेज बघितला आणि उत्तर दिलं नाही की समोरचा रुसतो. ऑफिसच्या ग्रुपवर दहा मिनिटं गप्प राहिलं की टीम लीड विचारतो, आहेस का? आणि घरचे तर सगळ्यांच्या वरताण. दोन वर्षांपूर्वी मी स्कूटरवरून महापेहून घरी येत होते. आत्याचा फोन आला, निघालीस का म्हणून. हेल्मेट आणि कानाच्या मध्ये फोन सरकवून बोलत होते. मान एका बाजूला कललेली, खड्डा दिसलाच नाही. उजव्या मनगटात प्लेट आणि सहा स्क्रू आहेत. पावसाळ्यात अजून ठणकतं, आणि पोळ्या लाटताना मनगट पूर्ण वळत नाही.

आत्याचा दोष नाही, फोन उचलला मी. पण ती अजूनही म्हणते, मी त्या वेळी केला नसता तर. ते ऐकवत नाही.

आता फोन सीटखालच्या डिकीत असतो, सायलेंटवर. खिशात ठेवून पाहिला, थरथरला की हात जातोच. घरी ठरवून घेतलंय, निघाले की एक मेसेज आणि पोहोचले की एक. मधल्या वेळात कोणीही फोन करायचा नाही. पहिले आठ दिवस आईने तरी चार वेळा केलाच. काकू, तुमचा मुलगा गाडीत असताना त्याला सगळ्यात जास्त फोन कोणाचे येतात, ते एकदा कॉल लिस्टमध्ये बघा.

कोर्ट_नाका

कायद्याचं थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात फोन वापरणं धोकादायक चालवण्यात धरलं जाऊ शकतं. पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा झालं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासून नियमांत रस्ता बघण्यापुरती मुभा आहे, तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. होल्डरमध्ये आहे म्हणजे चॅटिंगला परवानगी आहे, हा गैरसमज आहे.

कासारवडवलीची आई

बारा दिवसांनी लिहितेय.

घणसोलीची मुलगी, तू सांगितलंस तशी मी लिस्ट बघितली. गेल्या महिन्यात संध्याकाळी सहा ते सात या वेळात त्याला आलेले एकवीस कॉल माझे होते. "कुठे आहेस", "दूध घेऊन ये", "किती वेळ". मी त्याला नंतर दाखवली लिस्ट. तो म्हणाला, "तुझा नाही उचलला की तू लगेच पुन्हा करतेस." खरं आहे, मी करते. तुझं मनगट वाचून मला रात्री झोप लागली नाही.

सर, तुमचा प्रयोग रविवारी सकाळी केला. मी चालवलं, तो शेजारी. कापूरबावडीहून मानपाड्याकडे. कॉलेजच्या ग्रुपवर ट्रिपचं ठरत होतं, त्यात तो बुडाला. फोन ठेवायला लावला आणि तुमचे तीन प्रश्न विचारले. मागे काय आहे ते आरशात बघून सांगितलं, बाकी दोन नाही जमली. मग मी विचारलं, दुभाजकावर कोणी दिसलं का? नाही म्हणाला. एक बाई कडेवर मूल घेऊन तिथे उभी होती, तिला रस्ता ओलांडता यावा म्हणून मी जवळजवळ थांबले होते. गाडी हळू झाल्याचंसुद्धा त्याला कळलं नव्हतं. वाघबीळपर्यंत तो काही बोलला नाही. परत येताना मी न विचारता स्वतःच एकेक सांगत होता.

आता फोन समोरच्या कप्प्यात जातो. मी शेजारी असले की माझाही घेतो आणि आत ठेवतो. मंगळवारी सव्वासहाला हात सवयीने त्याच्या नंबरवर गेला, तो लावला नाही आणि पोळ्या करायला घेतल्या. सातला पोहोचला.

एक अडचण उरली आहे. नव्या ठिकाणी जाताना मॅप लागतोच. तेव्हा काय करायचं?

नेरुळचा ट्रेनिंगवाला

गाडी सुरू करण्याआधी पत्ता टाका, पूर्ण रस्ता एकदा नजरेखालून घाला आणि पहिली तीन वळणं तोंडपाठ करा. आवाज चालू ठेवा, बाकी सगळे मेसेज बंद, फोन काचेच्या उंचीला. चुकला तर चुकू द्या, पुढे पेट्रोल पंपावर किंवा सर्व्हिस रोडला नीट थांबून बघायचं. कॅडबरी जंक्शनचा पूल चुकला तर ठाण्यात फार तर दहा मिनिटं जातात. ती दहा मिनिटं उशीर चालेल, हे त्याला निघायच्या आधीच तुमच्या तोंडून ऐकू द्या.